हातात येणारा पगार: एका कॅल्क्युलेटरच्या प्रकल्प नोंदी

साइट एका पानाची आहे. पगार टाकला की आयकर किती आणि दर महिन्याला खात्यात किती जमा होणार, ते दिसतं. हिशोब फक्त पगारदारांचा. शेअर, घरविक्री, धंदा यातलं काही घेतलेलं नाही. असंच काही बनवायला घेतलेल्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी. कर म्हणजे काय वगैरे इथे नाही. काय अडलं आणि कसं सुटलं तेवढंच आहे.

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार

अर्थसंकल्पाचं भाषण ऐकता ऐकता दर टाकले. नवी करप्रणाली, आर्थिक वर्ष २०२५-२६: चार लाखांपर्यंत शून्य, मग चार-चार लाखांच्या पायऱ्यांवर (स्लॅब) ५, १०, १५, २०, २५ टक्के आणि २४ लाखांवर ३० टक्के. कलम ८७अ ची सवलत ६०,००० पर्यंत, म्हणजे १२ लाख करपात्र उत्पन्नापर्यंत कर शून्य. पगारदारांची ७५,००० ची प्रमाणित वजावट (पगारातून सरसकट वजा होणारी रक्कम) आहे तशीच, म्हणून १२,७५,००० पर्यंतच्या पगारावर कर नाही.

कोडचं काम तासाभरात झालं. त्रास दुसरीकडून आला. दुपारपासून लोक विचारू लागले, 'या महिन्यापासून टीडीएस बंद ना?' टीडीएस म्हणजे कंपनी पगारातूनच कापून घेते तो आयकर. उत्तर: नाही. हे दर १ एप्रिल २०२५ पासून मिळणाऱ्या पगाराला आहेत. फेब्रुवारी आणि मार्चचा पगार जुन्याच वर्षात मोडतो. १२,७५,००० पगारावर २०२४-२५ चा कर ८३,२०० आणि २०२५-२६ चा शून्य. पान उघडल्यावर आपोआप नवं वर्ष निवडलेलं असेल, तर माणूस चालू महिन्याबद्दल चुकीची समजूत घेऊन जातो.

म्हणून वर्षाची निवड सगळ्यात वर आणली आणि मोठी केली. आधी ती कोपऱ्यातल्या छोट्या यादीत होती. आता 'मार्च २०२५ पर्यंतचा पगार' आणि 'एप्रिल २०२५ पासूनचा पगार' अशी दोन बटणं आहेत. 'आर्थिक वर्ष' (कमाईचं) आणि 'कर निर्धारण वर्ष' (त्या कमाईवरचा कर ठरतो ते पुढचं) हे शब्द बटणावरून काढले. त्या दोन वर्षांचा गोंधळ अनुभवी लोकांचाही होतो. नव्या दरांपुढे 'प्रस्तावित' असा शिक्का ठेवला. वित्त विधेयक संसदेत मंजूर होईपर्यंत तो तसाच राहील.

२ फेब्रुवारी

काही जणांना अजून जुनेच दर दिसत होते. कारण सर्व्हिस वर्कर. पान ऑफलाइन चालावं म्हणून गेल्या वर्षी तो बसवला होता आणि त्याने सगळ्या फायली ब्राउझरमध्ये धरून ठेवल्या होत्या. एका बाईंनी आकडा चुकीचा म्हणून फोटो पाठवला तेव्हा कळलं. माझ्या मशीनवर सगळं बरोबर दिसत होतं.

दरांची फाइल वेगळी काढली. ती दर वेळी सर्व्हरवरून ताजी येते, बाकीचं पान साठवलेलं चालतं. निकालाखाली बारीक अक्षरात 'हे दर कोणत्या वर्षाचे, शेवटचा बदल कधी' ही ओळ कायमची टाकली. तक्रारीचा फोटो आला की पहिल्यांदा ती ओळ बघायची. निम्मा शोध तिथेच संपतो.

५ फेब्रुवारी

'तुमचा कॅल्क्युलेटर गंडलाय. १२,७५,००० ला शून्य दाखवतो आणि १२,८५,००० ला १०,४००. दहा हजार वाढले तर दहा हजार चारशे कर?'

उत्तर बरोबर आहे, आणि या आठवड्यात सर्वांत जास्त तक्रारी याच बरोबर उत्तराच्या आल्या. करपात्र उत्पन्न १२,१०,००० झालं की सवलत जाते आणि स्लॅबप्रमाणे कर ६१,५०० होतो. पण १२ लाखांच्या वर जितकं उत्पन्न, त्याहून जास्त कर घ्यायचा नाही, असा सीमांत दिलासा कायद्यात आहे. म्हणून कर १०,००० वर थांबतो. त्यावर ४ टक्के उपकर (करावरचा जादा कर) लागतो, ४००. एकूण १०,४००. दहा हजारांची वाढ घेणाऱ्याच्या हातात वर्षाअखेर खरंच चारशे रुपये कमी येतात.

कोड लिहिताना क्रम महत्त्वाचा: स्लॅबचा कर, मग सवलत, मग सीमांत दिलासा, मग अधिभार (५० लाखांवरच्या उत्पन्नाला करावर लागणारा जादा कर) असेल तर तो आणि त्याचा दिलासा, आणि सगळ्यात शेवटी उपकर. उपकर आधी लावून मग दिलासा काढला तर वरच्या उदाहरणात १०,००० येतात आणि ४०० हरवतात. फरक इतका छोटा की चाचणीत नजरेतून निसटतो.

दिलासा कुठपर्यंत चालतो तेही तपासलं. करपात्र १२,७०,५८० वर दिलासा सात रुपयांचा. १२,७०,५९० वर काहीच नाही. हे दोन आकडे, १२,००,००० आणि १२,००,०१० हे दोन, आणि ५० लाखांच्या अधिभाराच्या अलीकडचा-पलीकडचा आकडा, एवढे कायमचे चाचणीत घातले. मधल्या गोल आकड्यांवर चाचण्या करून काही हाती लागत नाही. सगळ्या चुका सीमेवर असतात. करपात्र उत्पन्न आणि कर दोन्ही जवळच्या दहा रुपयांत पूर्ण करायचे असतात, म्हणून सीमेच्या पलीकडचा आकडा दहाने पुढचा घेतला.

पण नुसतं उत्तर बरोबर असून भागत नाही. ज्याला विश्वास बसला नाही तो दुसऱ्या साइटवर जातो आणि तिथे कदाचित चुकीचा आकडा बघून समाधानी होतो. त्यामुळे दिलासा लागू झाला की निकालात वेगळी ओळ येते: 'स्लॅबप्रमाणे कर ६१,५००. तुमचं उत्पन्न १२ लाखांपेक्षा फक्त १०,००० ने जास्त, म्हणून कर १०,००० पर्यंतच.' ही ओळ टाकल्यावर या विषयाची पत्रं जवळजवळ थांबली. तेव्हापासून नियम ठेवला आहे: जे उत्तर बघून माणूस दचकेल, तिथे आकड्यासोबत कारण दिसलंच पाहिजे.

९ फेब्रुवारी

पगार टाकायचा चौकोन. यात गेलेला वेळ स्लॅबपेक्षा कितीतरी जास्त.

चौकोन 'नंबर' प्रकारचा होता. मोबाइलवर मराठी कीबोर्ड असलेल्यांनी '१२७५०००' टाइप केलं की एक तर काही उमटत नव्हतं, नाहीतर निकाल रिकामा. जावास्क्रिप्टला देवनागरी अंक आकडे म्हणून कळत नाहीत. मराठी साइट काढून मराठी अंक चालू नयेत, हे मला अजिबात पटणारं नव्हतं. चौकोन साध्या मजकुराचा केला, कीबोर्ड अंकांचाच उघडेल अशी सूचना दिली, आणि आलेला मजकूर आधी धुऊन घेतला: देवनागरी अंक बदलायचे, स्वल्पविराम आणि रुपयाचं चिन्ह काढायचं, शेवटचं '/-' काढायचं. '१२.७५ लाख' आणि '12.75 lakh' हेही समजून घेतो.

त्याहून मोठी गडबड महिना आणि वर्षाची. वर्षाच्या चौकोनात ८५,००० लिहून 'कर शून्य, छान!' म्हणणारे खूप. त्यावर चौकोनाखाली रक्कम अक्षरी दाखवायला लागले: 'पंच्याऐंशी हजार रुपये, वर्षाला'. वाचलं की लगेच लक्षात येतं. मराठीत शंभरपर्यंतचे आकडे नियमाने बनवता येत नाहीत, त्यामुळे शंभर शब्दांची यादी हाताने लिहावी लागते. एकोणसाठ ते एकोणनव्वद हा पट्टा दोनदा तपासा. तिथे 'एकोणऐंशी'च्या जागी 'एकोणनव्वद' जाऊन बसला की रक्कम दहा हजारांनी किंवा दहा लाखांनी चुकीची वाचली जाते आणि आकडा मात्र बरोबर असतो.

निकाल दाखवताना मराठी-भारत हे लोकेल (भाषा आणि देशाची सेटिंग) वापरलं की अंक आपोआप देवनागरीत आणि स्वल्पविराम लाख-कोटींच्या जागी येतात. एकच अडचण: लोक निकाल एक्सेलमध्ये नेऊन चिकटवतात आणि तिथे देवनागरी अंक नुसता मजकूर होऊन बसतात, बेरीज होत नाही. त्यासाठी 'कॉपी' बटण दिलं, त्यातून इंग्रजी अंक जातात.

१ मार्च

फेब्रुवारीच्या सॅलरी स्लिप हातात आल्या आणि 'शंभर रुपयांचा फरक येतोय' अशी पत्रं सुरू झाली.

महाराष्ट्रात व्यवसाय कर (राज्य सरकार पगारातून घेतं तो) महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, मिळून वर्षाला २,५००. राज्यघटनेच्या कलम २७६ ने वर्षाची कमाल मर्यादाच २,५०० ठेवली आहे, ती गाठायला शेवटचे शंभर फेब्रुवारीत येतात. माझ्या कोडमध्ये २,५०० भागिले १२ होतं, म्हणजे २०८ रुपये ३३ पैसे. वर्षाची बेरीज बरोबर, पण बाराही महिने चुकीचे. आता महिन्यांचा तक्ताच काढला आहे.

त्याच बैठकीत बाकीचंही घातलं. महिलांना महिना २५,००० पर्यंत पगार असेल तर महाराष्ट्रात व्यवसाय कर नाही, १ एप्रिल २०२३ पासून. पुरुषांना ७,५०० पर्यंत शून्य, १०,००० पर्यंत १७५. जून आणि डिसेंबरच्या पगारातून कामगार कल्याण निधीचे २५ रुपये. दिल्ली, उत्तर प्रदेश, हरियाणा, राजस्थान इथे व्यवसाय कर नाही. राज्य निवडायचा चौकोन त्यामुळे घालावाच लागला.

महिन्याचा तक्ता ही या सगळ्या कामातली सर्वांत उपयोगी गोष्ट निघाली. लोकांच्या हातात स्लिप असते ती एका महिन्याची. ते वर्षाच्या आकड्याशी नाही, त्या स्लिपशी ताडून बघतात.

२९ मार्च

वित्त कायदा झाला, 'प्रस्तावित' शिक्का काढला. स्लॅब भाषणात होते तेच राहिले.

६ एप्रिल

सीटीसी. खरं काम इथून पुढे.

आतापर्यंत मी 'वार्षिक पगार' विचारत होते आणि लोक ऑफर लेटरवरचा सीटीसीचा आकडा टाकत होते. सीटीसी म्हणजे कंपनीला पडणारा खर्च. त्यात कंपनीचा पीएफचा (भविष्य निर्वाह निधीचा) वाटा असतो, बहुतेक ठिकाणी ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची) तरतूद असते, कुठे विम्याचा हप्ता असतो. हे पैसे महिन्याच्या पगारात येतच नाहीत. नोकरी बदलू की नको, हे लोक या आकड्यावर ठरवतात, म्हणून हा भाग मी अर्धवट सोडणार नव्हते.

एका ऑफर लेटरच्या धर्तीवर हे उदाहरण चाचणीसाठी बनवलं आहे. सीटीसी १५,००,०००. बेसिक (मूळ पगार) ४० टक्के, म्हणजे ६,००,०००. कंपनीचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के, ७२,०००. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, २८,८६० (हा दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, सव्वीस दिवसांचा महिना, या सूत्रातून येतो). व्हेरिएबल (कामगिरीवर कमी-जास्त मिळणारा भाग) १,५०,०००. हे सगळं वजा केलं की ठरलेला पगार १२,४९,१४० उरतो, महिन्याला १,०४,०९५. त्यातून स्वतःचा पीएफ ६,००० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ९७,८९५. पंधरा लाखांना बाराने भागून माणूस सव्वा लाख धरून बसलेला असतो.

आता करात काय होतं बघा. व्हेरिएबल धरलं नाही तर करपात्र ११,७४,१४०, कर शून्य. व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर करपात्र १३,२४,१४० आणि कर ८१,७७०. म्हणजे दीड लाखाच्या व्हेरिएबलमधून प्रत्यक्षात ६८,२३० हातात. कंपनीने ते वर्षाच्या सुरुवातीपासून गृहीत धरलं तर टीडीएस बारा महिन्यांत वाटला जातो आणि महिन्याचा पगार कमी दिसतो. नाही धरलं तर व्हेरिएबल मिळेल त्या महिन्यापासून वर्ष संपेपर्यंत सगळा कापला जातो. मार्चमध्ये मिळालं तर एकाच महिन्यात ८१,७७०. दोन्ही पद्धती प्रत्यक्षात चालतात. म्हणून कॅल्क्युलेटर आता तीन आकडे दाखवतो: व्हेरिएबल शून्य, अर्धं आणि पूर्ण. एकच आकडा दाखवणं सोपं होतं, पण ते फसवं झालं असतं.

१३ एप्रिल

पीएफचा चौकोन दोन पर्यायांचा केला: 'पूर्ण बेसिकवर १२ टक्के' आणि '१५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे १,८००'. बेसिक मर्यादेपेक्षा जास्त असेल तर कायद्याने सक्ती १५,००० पर्यंतच आहे. त्यापुढे कंपनीचं धोरण. पन्नास हजार बेसिकवर या दोहोंत महिन्याला ४,२०० चा फरक पडतो, आणि कोणता पर्याय आहे हे सीटीसीवरून ओळखता येत नाही, विचारावंच लागतं. आधी मी सरसकट १२ टक्के धरत होते.

खालच्या पगारांसाठी ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) घातला. महिना २१,००० पर्यंत, कर्मचाऱ्याचा वाटा ०.७५ टक्के, पुढच्या रुपयात पूर्ण करून: २१,००० वर १५७.५० येतात, कापले जातात १५८. पगारवाढ होऊन २१,००० ओलांडले तरी ते सहामाही, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्च, संपेपर्यंत कपात चालू राहते. मेमध्ये वाढ मिळालेल्या मुलाला कपात का थांबली नाही हे कुणीच सांगितलेलं नसतं. ही ओळ तक्त्यात महिन्यासमोर लिहिली आहे.

पैशांचा हिशोब याच वेळी पूर्णांकात नेला. सगळं पैशांमध्ये मोजायचं आणि दाखवताना शंभराने भागायचं. दशांश अपूर्णांकांवर संगणकाची बेरीज शेवटच्या स्थानाला घसरते आणि 'पुढच्या रुपयात पूर्ण' करताना अचानक एक रुपया वाढतो.

११ मे

जुनी की नवी करप्रणाली. जुनीत दर जास्त पण वजावटी मिळतात, नवीत दर कमी पण बहुतेक वजावटी नाहीत. आधीच्या रचनेत जुनीसाठी भलंमोठं पान भरावं लागायचं: ८०सी (ठरावीक बचत), ८०डी (आरोग्य विमा), गृहकर्जाचं व्याज, एनपीएस (पेन्शन योजना), घरभाडं. लोक मध्येच सोडून जायचे आणि ज्यांनी भरलं त्यांच्यातल्या बहुतेकांना शेवटी 'नवीच बरी' असं उत्तर मिळायचं.

गणित उलटं फिरवलं. आधी फक्त पगार घेऊन सांगायचं: जुनी परवडायला तुमच्या एकूण वजावटी किती हव्यात. वीस लाख पगारावर नव्या प्रणालीचा कर उपकर सोडून १,८५,००० होतो. जुन्या प्रणालीत तेवढाच कर यायला करपात्र उत्पन्न १२,४१,६६७ पर्यंत खाली आणावं लागतं, म्हणजे वजावटी जवळपास ७,५८,३३३. आता मोजा: प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, ८०सी चे दीड लाख, स्वतः भरलेल्या एनपीएसचे ५०,०००, आरोग्य विम्याचे २५,०००, राहत्या घराच्या कर्जाचं व्याज दोन लाख. सगळं काठोकाठ भरूनही ४,७७,५००. उरलेले २,८०,८३३ घरभाड्यातून आले तरच जुनी बरोबरीला येते.

हा एक आकडा बघून बहुतेकांचा निर्णय होतो. ज्यांचा होत नाही त्यांच्यासाठीच पुढचं पान उघडतं. या एका बदलाने साइट वापरण्याजोगी झाली, असं माझं मत आहे.

घरभाड्यात पुण्याची मंडळी हमखास अडकतात. बेसिक ५०,०००, घरभाडे भत्ता २५,०००, भाडं २८,०००. मुंबईत करमुक्त भाग महिन्याला २३,०००, पुण्यात २०,०००. कारण २०२५-२६ मध्ये बेसिकच्या ५० टक्क्यांची मर्यादा मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई या चारच शहरांना होती. पुणे, नाशिक, नागपूर ४० टक्क्यांत होती. भाडी कितीही वाढली तरी त्या वर्षीच्या नियमात पुणे महानगर नव्हतं. चौकोनात 'मेट्रो आहे का?' असं विचारलं होतं आणि पुणेकर खुशाल 'हो' म्हणत होते. तिथून मेट्रो धावते, त्यांचं काय चुकलं? प्रश्न बदलून शहरांची नावं दिली.

२८ मे

यंदा विवरणपत्राची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली. तारखा कोडमध्ये चार ठिकाणी विखुरल्या होत्या, त्या सगळ्या दरांच्या फाइलमध्ये हलवल्या.

२० जुलै

ही नोंद पैशांबद्दल नाही, लोकांच्या माहितीबद्दल आहे, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर.

निकाल मित्राला पाठवता यावा म्हणून लिंकची सोय होती. लिंकमध्ये पगार, राज्य, भाडं सगळं प्रश्नचिन्हानंतर लिहिलेलं. सर्व्हरच्या नोंदवह्या चाळताना दिसलं की ते सगळे आकडे तिथे उतरलेत, आयपी पत्त्यासकट. शिवाय वाचकसंख्या मोजणारी तिसऱ्या कंपनीची स्क्रिप्ट तोच पत्ता स्वतःकडे नेत होती. 'तुमची माहिती तुमच्या ब्राउझरबाहेर जात नाही' असं पानावर लिहिलेलं होतं, आणि लिंकवाल्यांच्या बाबतीत ते खरं नव्हतं.

त्याच रात्री जुन्या नोंदी पुसल्या, ती स्क्रिप्ट काढून टाकली. आता लिंकमधली माहिती हॅशच्या चिन्हानंतर जाते. तो भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवत नाही. जुन्या लिंक तोडल्या, त्याबद्दल पानावर सूचना लावली. किती लोक आले हे आता सर्व्हरच्या साध्या मोजणीवरून ढोबळ कळतं आणि तेवढं पुरतं. कुणी अशी साइट काढत असेल तर लिंकची सोय करण्याआधी हे वाचा.

खर्चाचंही इथेच सांगते. डोमेनचे वर्षाला हजाराच्या आत, होस्टिंग जवळजवळ फुकट कारण सगळं स्थिर पान आहे. मोठा खर्च सीएच्या फीचा: सगळ्या चाचण्यांची उत्तरं एकदा तपासून घेतली, त्याचे पाच हजार. तो वाचवू नका. आयकर विभागाच्या पोर्टलवरच्या कॅल्क्युलेटरशी कर ताडता येतो, पण पीएफ, व्यवसाय कर, व्हेरिएबल हे तिथे नाही. निकालाशेजारी वैयक्तिक कर्जाची जाहिरात लावायचा प्रस्ताव आला होता, खर्च सहज निघाला असता. नाही म्हटलं. आपला पगार अपेक्षेपेक्षा कमी आहे हे ज्याला याच क्षणी कळलंय, त्याच्यासमोर कर्ज ठेवायचं नाही.

१६ सप्टेंबर

मुदत आणखी एक दिवस वाढली, आज शेवटचा. गेल्या पंधरवड्यातली पत्रं एकाच प्रकारची: वर्षाच्या मध्ये नोकरी बदललेली, दोन फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला), आणि भरायला अचानक मोठी रक्कम.

आकडे या वर्षाच्या दरांनी मांडते. दोन्हीकडे महिना १,२५,०००, सहा-सहा महिने. पहिल्या कंपनीने वर्षाचे पंधरा लाख धरून महिन्याला ८,१२५ कापले, सहा महिन्यांत ४८,७५०. दुसऱ्या कंपनीला आधीचा पगार सांगितलाच नाही. तिच्या हिशोबात साडेसात लाखच, कर शून्य. खात्यात महिन्याला आठ हजार जास्त येतात, माणूस खूश. विवरणपत्र भरताना दोन्ही पगार एकत्र येतात, पण प्रमाणित वजावट एकदाच मिळते. करपात्र १४,२५,०००, कर ९७,५००. कापलेले ४८,७५०, उरलेले ४८,७५० एकरकमी, वर व्याज.

कॅल्क्युलेटरमध्ये 'या वर्षी आधी दुसरीकडे नोकरी होती का?' हा प्रश्न घातला. हो म्हटलं की आधीचा पगार आणि कापलेला टीडीएस विचारतो, आणि नव्या कंपनीला फॉर्म १२बी (आधीच्या पगाराची माहिती देणारा) द्या असं सांगतो. तो दिला की उरलेला कर पुढच्या महिन्यांत वाटला जातो. हा प्रश्न एप्रिलमध्येच असायला हवा होता.

२३ नोव्हेंबर

परवा, २१ नोव्हेंबरला, चारही कामगार संहिता (जुन्या कामगार कायद्यांऐवजी आलेले चार कायदे) लागू झाल्याची घोषणा झाली. वेतनाच्या नव्या व्याख्येत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरायचा. बेसिक ४० टक्के ठेवणाऱ्या कंपन्यांच्या ग्रॅच्युइटीच्या तरतुदीवर याचा थेट परिणाम होतो. सीटीसी तेवढाच ठेवला तर वाढलेली तरतूद हातातल्या पगारातूनच जाणार. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापला जात असेल तर तिथे १,८०० च राहतात.

'हातातला पगार घटणार' अशा बातम्यांनी लोक घाबरलेत. सगळ्यांना घटवून दाखवणं मी टाळलं. वेगळं बटण केलं: 'वेतन निम्मं धरून पाहा'. सुरुवातीला ते बंद असतं. तुमच्या कंपनीने रचना बदलली की मग चालू करा.

११ जानेवारी २०२६

पुढच्या महिन्याची तयारी. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होतोय. कलमांचे क्रमांक बदलतात आणि आर्थिक वर्ष-कर निर्धारण वर्ष या जोडीऐवजी एकच 'कर वर्ष' येतं. पानावरच्या समजावणीत '८७अ', '८०सी' जिथे जिथे थेट लिहिलं होतं ते काढून वर्षानुसार बदलणाऱ्या यादीत टाकलं. २०२५-२६ साठी जुने क्रमांक दिसत राहतील, कारण त्या वर्षाचं विवरणपत्र जुन्या कायद्याखालीच भरायचं आहे.

२०२६-२७ ची दरांची फाइल यंदाचेच आकडे घालून तयार ठेवली आहे, 'प्रस्तावित' शिक्क्यासकट. भाषणात काही बदललं तर फक्त आकडे बदलायचे, चाचण्या चालवायच्या, मग चढवायचं. राज्यांच्या व्यवसाय कराचा तक्ता अजून अपुरा आहे. महाराष्ट्राबाहेरच्या ज्यांच्याकडे फेब्रुवारीची स्लिप असेल त्यांनी नाव आणि कंपनी खोडून तेवढी कपातीची ओळ पाठवावी.